आजीची फुंकणी आणि कागदाची भट्टी

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी चूल फुंकली आहे? शहरातली मुलं म्हणतील, "बाई, आमच्या घरी गॅस आहे!" बरं, मग सुट्टीत गावी गेल्यावर तरी पाहिली असेल. मी लहान असताना आजीच्या चुलीपाशी बसायची मला भारी हौस. हातात लोखंडी फुंकणी घ्यायची, गाल फुगवायचे आणि सगळा जोर लावून फूऽऽ करायचं. मग काय व्हायचं? जाळ पेटायचा राहिला बाजूलाच, राख भसकन वर उडायची. डोळ्यांत, केसांत, कधी कधी तव्यावरच्या भाकरीवरसुद्धा!

आजी फुंकणी काढून घ्यायची आणि म्हणायची, "अगं, किती जोरात फुंकतेस ते नको सांगू. निखारा कुठं आहे ते बघ आणि तिथं फुंक." मग ती दोनच फुंकरा मारायची. एक जरा हळू, निखाऱ्याच्या बुडाशी. दुसरी थोडी वर, धूर निघत असेल तिथं. भपकन जाळ व्हायचा आणि धूर नाहीसा व्हायचा.

तेव्हा मला वाटायचं, आजीच्या फुंकरीत काहीतरी जादू आहे. पुढे मोठी झाल्यावर कळलं, की जगभरचे मोठमोठे इंजिनिअर कित्येक वर्षं हाच प्रश्न सोडवत आहेत. फक्त त्यांची चूल वीस मजली इमारतीएवढी उंच असते! ही चूल असते कागदाच्या कारखान्यात. तिचं नाव रिकव्हरी बॉयलर. आज आपण तिच्यात डोकावणार आहोत. चला तर मग!

लाकूड शिजवायचं कसं?

आधी तुमच्या वहीचं एक पान हातात घ्या आणि हळूच फाडा. (वापरलेलं पान बरं का! नाहीतर आई मला रागावेल.) फाटलेल्या कडेला बारीक बारीक तंतू दिसतात ना? कागद म्हणजे अशा लाखो तंतूंची चटई. झाडाच्या खोडात, बांबूत, उसाच्या चिपाडात हे तंतू असतात. पण ते मोकळे नसतात. लिग्निन नावाच्या पदार्थानं ते एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. भिंतीत विटांच्या मधे सिमेंट असतं ना, तसंच समजा.

आता तंतू हवेत आणि लिग्निन नको, तर काय करायचं? शिजवायचं! लाकडाच्या बारीक ढलप्या करतात, त्या डायजेस्टर नावाच्या अवाढव्य कुकरमध्ये भरतात आणि त्यात कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइड यांचं द्रावण ओततात. आपल्या घरच्या कुकरमध्ये साधारण १२० अंश सेल्सिअस तापमान असतं. तिथं ते १७० अंशांच्या आसपास नेतात. काही वेळानं लिग्निन विरघळतं, तंतू मोकळे होतात आणि त्यांचा लगदा तयार होतो. ही रीत जर्मन रसायनतज्ज्ञ कार्ल डाल यांनी १८७९ साली शोधून काढली. तिला 'क्राफ्ट' पद्धत म्हणतात. क्राफ्ट या जर्मन शब्दाचा अर्थ ताकद, कारण या पद्धतीनं केलेला कागद चांगला मजबूत असतो. भूगोलाच्या पुस्तकात कागदासाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरचं नाव तुम्ही वाचलं असेल. तिथल्या कारखान्यात बांबू आणि लाकूड असंच शिजवून लगदा काढत आले आहेत.

सगळाच कागद असा बनत नाही, हेही लक्षात ठेवा. रद्दीपासूनही कागद होतो. पण आजची आपली गोष्ट आहे शिजवलेल्या लाकडाची.

लगदा निघाला, धुतला, कागदाकडे गेला. मागे उरलं काय? काळंकुट्ट पाणी! कारखान्यात त्याला 'ब्लॅक लिकर' म्हणतात. लाकडाचा साधारण अर्धाच भाग लगदा होतो, उरलेला अर्धा या काळ्या पाण्यात विरघळलेला असतो. शिवाय शिजवायला घातलेली सगळी महागडी रसायनंही त्यातच असतात.

आता सांगा, या पाण्याचं काय करायचं? नदीत सोडायचं? छे छे! त्यातल्या पदार्थांचं विघटन होताना नदीच्या पाण्यातला ऑक्सिजन संपून जातो आणि मासे गुदमरतात. पाणी काळं पडतं, पिण्याच्या लायकीचं राहत नाही. आपल्या देशात गवत-पेंढ्यापासून कागद करणाऱ्या अनेक लहान कारखान्यांकडे हे काळं पाणी जाळण्याची सोयच नव्हती. म्हणून २००३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जी सनद आणली, तिच्यात अशा कारखान्यांना बजावलं : रसायनं परत मिळवण्याची सोय करा, नाहीतर काळ्या पाण्याचा दुसरा उपयोग करून ते बाहेर सोडणं थांबवा, नाहीतर रद्दीपासून कागद करा.

पाणी जळतं?

"बाई, पाणी कसं जाळणार?" हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. शाबास! सुरुवातीला या काळ्या पाण्यात १०० किलोंमागे साधारण ८५ किलो पाणीच असतं. ते आटवतात. गुऱ्हाळात उसाचा रस आटवून काकवी करतात ना, अगदी तसंच. आटवत आटवत इतकं दाट करतात, की १०० किलोंत ६५ ते ८० किलो घन पदार्थ उरतात. हा दाट काळा पाक मात्र छान जळतो. का? कारण त्यात झाडाचंच लिग्निन आहे, म्हणजे एक प्रकारचं लाकूडच!

हा पाक भट्टीत फवारतात आणि एका दगडात दोन पक्षी मारतात. पहिला पक्षी म्हणजे उष्णता. भट्टीच्या भिंती म्हणजे पाण्यानं भरलेल्या नळ्याच असतात. त्या पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि वीज मिळते. दुसरा पक्षी म्हणजे रसायनं. पाकातलं लिग्निन जळून जातं, पण सोडियमचे क्षार जळत नाहीत. ते वितळतात आणि भट्टीच्या तळातून लाव्हारसासारखे वाहत बाहेर येतात. त्याला 'स्मेल्ट' म्हणतात. तापमान म्हणाल तर ८०० अंशांच्या वर! तो स्मेल्ट पाण्यात विरघळवून त्यावर चुन्याची प्रक्रिया केली, की पुन्हा लाकूड शिजवायचं द्रावण तयार. चांगल्या कारखान्यात १०० किलो रसायनांपैकी ९५ किलोंहून जास्त अशी परत मिळतात. म्हणूनच बॉयलरचं नाव 'रिकव्हरी', म्हणजे परत मिळवणारा.

ही भट्टी आजच्या रूपात आणण्याचं मोठं श्रेय कॅनडातल्या जॉर्ज टॉमलिन्सन यांना जातं. १९३४ साली कॅनडातल्या क्विबेक प्रांतात विंडसर मिल्स इथं, पाण्याच्या नळ्यांच्या भिंती असलेला त्यांचा बॉयलर सुरू झाला. या भट्टीमुळे क्राफ्ट कागद स्वस्त झाला आणि ही पद्धत जगभर पसरली.

दर दोन सेकंदांना एक वर्ग हवा!

आता वळू या फुंकणीकडे. भट्टीला हवा किती लागते माहीत आहे? पाकातला एक किलो घन पदार्थ जाळायला चार किलोंहून थोडी जास्त हवा लागते. समजा एका बॉयलरमध्ये दिवसाला १,००० टन घन पदार्थ जळतो. म्हणजे हवा झाली ४,००० टनांहून जास्त.

हवेचं वजन असतं का, असं विचारू नका! तुमचा वर्ग ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल, तर त्यातल्या हवेचं वजन साधारण १०० किलो भरतं. आता वही-पेन्सिल घ्या आणि गणित करा. ४,००० टन म्हणजे किती वर्ग? ४० हजार! आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे ही भट्टी दर दोन सेकंदांना एक अख्खा वर्ग हवा पिते. दिवस-रात्र, रविवारची सुट्टीसुद्धा न घेता!

एवढी हवा ढकलायला मोठमोठे पंखे असतात. भट्टीच्या भिंतींत ओळीनं भोकं ठेवलेली असतात, त्यांतून ती आत शिरते. या भोकांना 'एअर पोर्ट' म्हणतात. (विमानतळ नव्हे बरं का!) हवा एकाच उंचीवरून सोडत नाहीत. तिचे तीन मजले असतात. पहिली हवा तळाशी, दुसरी थोडी वर आणि तिसरी पाक फवारण्याच्या जागेच्याही वर.

असं का? इथंच खरी गंमत आहे. या भट्टीला एकाच वेळी दोन उलट कामं करायची असतात.

तळाशी जळत्या कोळशाचा ढीग असतो. तिथं हवा जरा कमीच लागते. कारण तिथल्या सोडियम सल्फेटमधला ऑक्सिजन काढून घेऊन त्याचं सोडियम सल्फाइड करायचं असतं. लाकूड शिजवायला सल्फाइडच उपयोगी पडतं, सल्फेट नाही. हवा कमी असली, की भुकेलेला कोळसा सल्फेटमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि काम फत्ते. तिथं भरपूर हवा दिली, तर सल्फाइडचं पुन्हा सल्फेट होणार, म्हणजे केलेलं काम पाण्यात!

पण वर मात्र उलटं. तळाच्या अर्धपोटी आगीतून जे वायू वर येतात ते अर्धवट जळलेले असतात. त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो, तो विषारी. गंधकाचे वायूही असतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड त्यातलाच. हे सगळं भट्टीच्या वरच्या भागात पूर्ण जळून गेलं पाहिजे. तिथं हवा पोटभर हवी.

थोडक्यात काय, तर खाली उपास आणि वर जेवण! आणि मधे ना पडदा, ना भिंत. सगळं सांभाळायचं ते फक्त फुंकरीनं.

मामाची चुकलेली भाऊबीज

हे सगळं मला कुठून कळलं? माझा एक मामा एका कागद कारखान्यात बॉयलर अटेंडंट होता. मी पाचवीत असतानाची गोष्ट. दिवाळी आली. मामा दर भाऊबीजेला यायचा. येताना कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा आणायचा. मी आणि माझा भाऊ वर्षभर त्यावर चित्रं काढायचो. त्या वर्षी आईनं सकाळपासून पाट मांडला, रांगोळी काढली, ओवाळणीचं तबक तयार ठेवलं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. शेवटी शेजारच्या काकूंकडे फोन आला, "बॉयलर बंद पडलाय. नळ्या बुजल्यात. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द."

आईनं काही न बोलता तबकातलं निरांजन देव्हाऱ्यात ठेवलं. मला मात्र त्या बॉयलरचा असा राग आला!

मामा आला तो पंधरा दिवसांनी. डोळे लाल, हाताला भाजल्याचा डाग. मी फुरंगटून विचारलं, "मामा, नळ्या बुजतात म्हणजे काय होतं?" मामानं मला जवळ बसवलं आणि आईला म्हणाला, "ताई, जरा ज्वारीच्या लाह्या आण गं." आईला वाटलं, भूक लागली असेल.

मामानं एका हातात ज्वारीचा दाणा घेतला, दुसऱ्या हातात लाही. आधी दाण्यावर फुंकर मारली. दाणा हलला, पण तळहातावरच राहिला. मग लाहीवर फुंकर मारली. लाही उडून लांब जाऊन पडली.

"बघ," मामा म्हणाला, "आमच्या भट्टीत पाकाचा थेंब पडतो तो ज्वारीच्या दाण्याएवढाच असतो. पण तापला की लाहीसारखा फुगतो. फुगला की हलका होतो. तो खाली कोळशाच्या ढिगावर पडायला हवा. पण मधूनच हवेचा जोरदार लोट वर येत असेल, तर तो उडतो आणि थेट वरच्या नळ्यांना जाऊन चिकटतो. तापलेला क्षार म्हणजे गुळाच्या पाकासारखा चिकट. एकावर एक थर बसतात. वाफेचे फवारे मारून आम्ही ते झाडत असतो, पण थर घट्ट झाले की तेही पुरत नाहीत. मग धूर जायला वाटच उरत नाही."

"मग पाणी मारून धुवायचं!" मी म्हटलं.

मामा एकदम गंभीर झाला. "धुवायचंच, पण भट्टी विझवून, थंड झाल्यावर. वितळलेल्या स्मेल्टवर पाणी पडलं, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि स्फोट होतो. माणसं मरतात त्यात. म्हणून घाई करून चालत नाही. आणि भट्टी बंद म्हणजे अख्खा कारखाना अडतो."

त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, की माझ्या चित्रांच्या कागदामागे कुणाची तरी रात्रपाळी असते.

जत्रेतली चुकामूक

पण हवेचा तो लोट मधूनच वर का यायचा? मुलांनो, नीट लक्ष द्या. आपल्या लेखाची किल्ली इथं आहे.

चौकोनी भट्टीची कल्पना करा. चारही भिंतींतून समोरासमोर हवेचे झोत येतात. ते मधोमध भेटतात आणि एकमेकांवर आपटतात. आता हवेनं जायचं कुठं? पुढून समोरचा झोत, मागून आपलाच झोत, खाली कोळशाचा ढीग. उरली एकच वाट, वर! मग भट्टीच्या मधोमध एक वेगवान लोट तयार होतो, जणू धुराड्यातलं धुराडं. फुगलेल्या लाह्या तो वर घेऊन जातो. आणि भिंतींजवळ? तिथं वायू नुसते रेंगाळतात, कधी कधी तर उलटे खालीच येतात.

याचा दुसरा तोटाही आहे. मधला लोट इतका घाईत असतो, की त्यातल्या अर्धवट जळलेल्या वायूंना ऑक्सिजन भेटतच नाही. ऑक्सिजन आहे, पण तो भिंतीकडेनं चालला आहे! जत्रेत दोन मैत्रिणींची चुकामूक होते ना? एक पाळण्यापाशी शोधते, दुसरी रेवड्यांच्या दुकानापाशी. दोघी जत्रेतच असतात, पण भेट होत नाही. तसंच हे. धुराड्यात मोजून पाहिलं तर न वापरलेला ऑक्सिजनही सापडतो आणि न जळलेला वायूही. दोघं एकाच भट्टीतून गेले, पण न भेटताच!

तुम्ही म्हणाल, "मग आणखी हवा सोडा की!" मीही चुलीपुढे हेच करायची. पण जास्त हवेनं भट्टी थंड पडते, लोट आणखी जोराचा होतो आणि लाह्या जास्तच उडतात. पंख्यांची वीज वाढते ती वेगळीच. आठवा आजीचं बोलणं. प्रश्न जोराचा नाही, जागेचा आहे.

हवा कमी नव्हती. ती मिसळत नव्हती.

ताकाचं उदाहरण घ्या. नुसतं भांड्यात ठेवून लोणी येतं का? रवीनं घुसळावंच लागतं. चांगल्या ज्वलनालाही तीन गोष्टी लागतात : पुरेसा ताप, पुरेसा वेळ आणि पुरेशी घुसळण. पहिल्या दोन असून तिसरी नसेल, तर धूर ठरलेलाच.

टाळी नको, बोटं गुंफा

मग इंजिनिअरांनी काय केलं? भट्टीत डोकावणं सोपं नव्हतं. आत हजार अंशांहून अधिक ताप! म्हणून त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकच्या छोट्या भट्ट्या केल्या, त्यांत हवेऐवजी पाणी सोडलं आणि झोत कसे वळतात ते डोळ्यांनी पाहिलं. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून संगणक मदतीला आले. भट्टीचे हजारो, नंतर लाखो काल्पनिक चौकोनी तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात हवा कुठून येते, कुठं जाते याचं गणित करायचं. त्यातून तो मधला लोट स्पष्ट दिसू लागला आणि उपायही सापडले.

पहिला उपाय : वरच्या मजल्यांवर बारीक भोकं खूप ठेवण्याऐवजी मोठी भोकं थोडीच ठेवायची. झारीनं पाणी घातलं तर ते पायाशीच पडतं, पिचकारीचं पाणी लांब जातं. बारीक झोत भिंतीपाशीच विरून जातो. मोठा, जोरदार झोत भट्टीच्या पार दुसऱ्या बाजूपर्यंत पोचतो.

दुसरा उपाय तर फारच सुंदर आहे. दोन्ही हातांचे तळवे समोरासमोर धरा आणि टाळी वाजवा. बोटावर बोट आपटलं ना? ही झाली जुनी रीत. आता एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांच्या मधल्या फटींत घाला. बोटं गुंफली गेली! कुणी कुणावर आपटलं नाही आणि मधली जागाही भरून गेली. नवी रीत ही अशी. एका भिंतीवर तीन झोत असतील तर समोरच्या भिंतीवर दोन, आणि तेही त्या तिघांच्या फटींसमोर. हवा एकमेकांच्या शेजारून जाते, जाता जाता वायूंना घुसळते आणि मधला लोट तयारच होत नाही. चढणारे वायू सगळ्या भट्टीभर सारखे पसरतात, त्यामुळे त्यांचा वेगही कमी होतो. लाह्या खाली पडतात आणि मैत्रिणींची भेट होते!

तळाची पहिली हवा मात्र अजूनही चारही बाजूंनी, हलक्या हातानं देतात. आजीची निखाऱ्याच्या बुडाशी मारलेली हळू फुंकर आठवा.

आणखी एक साधं पण महत्त्वाचं काम असतं. एअर पोर्टच्या तोंडाशी क्षार गोठून भोकं बुजतात. चार भोकं बुजली की सगळी गुंफण बिघडते. पूर्वी कामगार लोखंडी सळई घेऊन एकेक भोक साफ करायचे. माझ्या मामाच्या हातावरचा डाग त्याचाच. आता बऱ्याच कारखान्यांत हे काम यंत्रं करतात.

करून पाहा

रंगपंचमीची वाट पाहायची गरज नाही. दोन सारख्या पिचकाऱ्या घ्या आणि त्यांत साधं पाणी भरा. (पाणी झाडांपाशी उडवा, वाया घालवू नका.) दोघांनी चार-पाच पावलांवर समोरासमोर उभं राहा आणि पिचकाऱ्या एकाच उंचीवर धरा. कुणाच्याही तोंडाकडे रोखू नका. मोठं माणूस जवळ असलेलं बरं.

पहिल्यांदा नेमक्या समोरासमोर उडवा. दोन्ही धारा मधे आपटतील आणि पाणी वर, खाली, बाजूंना फुटेल. कुणाचंच पाणी पलीकडे पोचणार नाही. नेम साधायला दोन-चार वेळा करावं लागेल. मग एकानं वीतभर बाजूला सरकावं. आता धारा एकमेकींच्या शेजारून निघून जातील आणि पार समोर पोचतील. पाणी तेवढंच, जोरही तेवढाच. बदलली ती फक्त जागा!

विस्तवाशी मात्र खेळ करायचा नाही. फुंकरीचे प्रयोग पाण्यानंच करायचे.

पालकांनो, घरातली गॅसची ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागली किंवा भांड्यांना काजळी धरू लागली, तर मुलांना बोलावून दाखवा. तिथंही गॅस आणि हवा नीट मिसळत नाही, हेच कारण बहुतेक वेळा असतं. बर्नर साफ करून घ्या आणि फरक त्यांना पाहू द्या. पाठ्यपुस्तकातलं ज्वलन मग वेगळं शिकवावं लागत नाही.

वास, वीज आणि भाऊबीज

हवा नीट मिसळली की काय काय मिळतं, मोजा बघू. नळ्या कमी बुजतात. वायू पुरते जळतात, म्हणून कार्बन मोनॉक्साइड कमी बाहेर पडतो. सडक्या अंड्याचा वासही कमी होतो. आपलं नाक या वासाला फार तिखट असतं. हवेच्या अब्ज भागांत त्याचे मोजके भाग असले तरी ते ओळखतं. कारखान्यात हा वास इतर ठिकाणांहूनही निघतो, सगळा दोष भट्टीचा नसतो. पण भट्टीतून येणारा वास चांगल्या घुसळणीनं जवळजवळ बंद करता येतो, आणि कारखान्याजवळच्या वस्तीत राहणाऱ्यांना ते किती मोलाचं आहे हे त्यांनाच विचारावं.

फिनलंडमध्ये आनेकोस्की नावाचं गाव आहे. तिथं २०१७ साली एक नवा लगद्याचा कारखाना सुरू झाला. वर्षाला १३ लाख टन लगदा करण्याची त्याची ताकद. तो कोळसा, तेल असं कोणतंही खनिज इंधन जाळत नाही. उलट स्वतःला लागते त्याच्या दुपटीहून जास्त वीज तयार करतो आणि उरलेली विकतो. ही ताकद मुख्यतः त्याच्या रिकव्हरी बॉयलरची. एकेकाळी नदीत जाणारं काळं पाणी आज गावाचे दिवे लावतं. काय, आश्चर्य वाटलं ना?

आणि आमच्या मामाच्या बॉयलरचं काय झालं? एका मोठ्या बंदच्या काळात तिथंही वरच्या हवेची भोकं बदलली. थोडी, मोठी आणि आडपडद्यानं, एकाआड एक. त्यानंतर बॉयलर कधी बंदच पडला नाही असं मी सांगणार नाही, यंत्रच ते. पण नळ्या बुजण्याचे प्रसंग खूप कमी झाले. पुढच्या भाऊबीजेला मामा वेळेवर आला, काखेत कागदांचा गठ्ठा घेऊन. आईनं ओवाळलं. मामानं माझ्यापुढे दोन्ही हातांची बोटं गुंफून दाखवली आणि म्हणाला, "एवढंच केलं बघ!"

आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "त्यात नवं काय? जागेवर फुंकायचं, हे मी केव्हाची सांगतेय."

सगळे हसले. मामा मात्र हसला नाही. त्यानं आजीला वाकून नमस्कार केला.

मुलांनो, उद्या वहीचं नवं पान उघडाल तेव्हा क्षणभर थांबा. ते पांढरं पान घडताना कुठंतरी एक काळा थेंब लाहीसारखा फुगला असेल आणि योग्य जागी पडला असेल. त्याला तिथं पाडण्यासाठी कुणीतरी रात्रभर जागं राहिलेलं असतं. तेव्हा पाठकोरं पान टाकून देऊ नका हं. आणि तुमच्या घरी, शेजारी कुणी बॉयलरवर, भट्टीवर, गुऱ्हाळावर काम करत असेल, तर त्यांच्यापाशी बसा आणि विचारा, "तुम्ही हवा कशी देता हो?" पाहा, किती गोष्टी ऐकायला मिळतात ते!